झाकणाचा व्यास

कंपनीचं म्हणणं एका ओळीत होतं:
नखं ओली असतानाही उघडता यावी अशी पेटी.
आत रंगाच्या दोन बाटल्या, कानस,
रिमूव्हरच्या चकत्यांची डबी,
तेलाचं थेंबभर नळकांडं.
किंमत अशी की जत्रेतही विकली जावी.

उद्यमनगरात बापूसो मगदुमांच्या शेडमध्ये
पुठ्ठ्याचे अकरा नमुने घेऊन गेले.
त्यांनी आजवर साचे केले ते पंपाच्या बॉडीचे,
व्हॉल्व्हच्या चाकांचे, चरकाच्या दात्यांचे.
माझं झाकण त्यांनी चिमटीत धरलं,
दुसऱ्याच्या लेकराचा दुधाचा दात धरावा तसं.
"एवढंसं? ह्याला टॉलरन्स किती धरू?"
त्यांच्या अंगठ्याचं नख
कधीच्या हातोड्यानं काळं पडलंय,
मुळाशी नवं गुलाबी येतंय.
तो रंग मी मनात टिपून ठेवला.

झाकण घरंगळतं, पलंगाखाली जातं,
कारण सगळ्यांना गोल हवं असतं.
"गोल लेथवर सोपं," बापूसो म्हणाले,
"पर थांबायचं असंल तर एक बाजू चपटी लागती."
म्हणून एक बाजू चपटी.
व्यास चौदा होता,
वाकलेल्या पेरांसाठी सोळा केला.
कडेला बारीक खरबरीतपणा,
गुळाच्या ढेपेवर कापडाची वीण उमटते तसा.
आणि डबी तळहातानं दाबली की टिक्,
नखाला काही शिवतच नाही.
त्या टिक्-साठी मी तीन आठवडे झोपले नव्हते.

चाचणीला हुपरी.
पैंजणांना घुंगरं जोडणाऱ्या सहाजणी
फुंकण्या बाजूला ठेवून ओट्यावर बसल्या.
तेजाबाच्या पाण्यानं नखांच्या कडा भुरकट.
कुणी कुणाला रंगवायचं यावरून थोडं भांडण झालं.
मी घड्याळ लावलं, वही उघडली.
सगळ्यांना पेटी जमली, पहिल्याच झटक्यात.
राजाक्कानं तर कोपरानं उघडून दाखवली.

हसू ओसरल्यावर तीच म्हणाली,
"लई भारी केलंयसा, ताई.
पर एवढी सोय करू नगासा.
नखं ओली हायती म्हटल्यावर
सासू म्हणत न्हाई, कुकर बघ.
पोरगं म्हणत न्हाई, दप्तर भर.
हात असं पसरून बसायचं,
जणू कायतरी मोठं काम चाललंय.
तेवढी धा मिंटं तरी
आमच्यानं काय उघडू नगं, काय झाकू नगं."

या उत्तरासाठी वहीत रकाना नव्हता.
मी 'इतर' खाली लिहायला गेले,
मग खोडलं.

परतताना गोकुळ शिरगावजवळ
कास्टिंगनं भरलेल्या ट्रकांमागे अडकले.
स्टिअरिंगवर माझी नखं दिसली:
कातरलेली, बिनरंगाची,
एकावर फेविकॉल वाळलेलं.

शेवटच्या ड्रॉइंगमध्ये
झाकण तसंच ठेवलं, चपट्या बाजूसकट.
डबीचं टिक्-ही.
फक्त बाहेरच्या पेटीची जीभ
दोन मिलिमीटरनं घट्ट केली.
ओल्या नखांनी आता ती उघडत नाही.
"हितं चुकलंय जणू?" बापूसोंनी विचारलं.
म्हटलं, नाही, तेवढं राहू द्या.
त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली,
आणि कोपऱ्यात जिथं ते नेहमी 'ओके' लिहितात
तिथं काहीच लिहिलं नाही.

कंपनीचं उत्तर अजून यायचंय.
नमुना टेबलावर पडून आहे.
काल रात्री डाव्या हाताची पाच बोटं रंगवली,
मग उजव्याची, वाकडीतिकडी.
फोन वाजला.
वाजू दिला.